छप्परमामाने रंगवलेला उजेड

आमच्या मामाच्या घरात एकच रंग होता, राखाडी. दारं राखाडी, खिडक्या राखाडी, स्टूल राखाडी, मिठाचा डबा राखाडी, रेडिओसुद्धा राखाडी. बाहेरून आलेल्या माणसाला आपण चुकून लढाऊ जहाजात शिरलो असं वाटायचं. मामा सुयांच्या कारखान्यात रंगारी होता, आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग फेकून देणं त्याच्याने होत नसे. मामी आम्हा भाच्यांना बजावायची, की एका जागी फार वेळ बसू नका, तुमच्यावरही दोन हात मारतील. आम्ही हसायचो खरे, पण त्यांच्या मांजराच्या शेपटीचं टोक राखाडी होतं आणि ते जन्मतः तसं नव्हतं.

सगळी वस्ती त्याला छप्परमामा म्हणायची. कारखान्याच्या छपरावर जायचा अधिकार फक्त त्याला होता. दरवर्षी कोरडी हवा पडली की कमरेला दोर बांधून, बादली लटकवून तो वर चढायचा आणि मग कित्येक दिवस जमिनीवरच्या माणसांशी जरा वरच्या पट्टीत बोलायचा. वर काय आहे असं विचारलं तर म्हणायचा, "छप्पर." कसलं छप्पर असं विचारलं तर म्हणायचा, "छपराचं." गुपित मोठं असल्याचा आव आणायला त्याला गुपिताची गरज लागत नसे.

कारखान्याची इमारत मात्र खरोखर बघण्यासारखी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. तेव्हाच्या माणसांचा येणाऱ्या दिवसांवर फार विश्वास असावा, कारण तो त्यांनी सरळ सिमेंटमध्ये ओतून ठेवला होता. इमारतीचे कोपरे टोकदार नव्हते, साबणाची वडी वापरून गुळगुळीत व्हावी तसे गोल होते. खिडक्या एकेकट्या नव्हत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब पट्टा. जिना एका गोल बुरुजात, आणि चढताना हाताखाली येणारा कठडा इतका सुबक की म्हातारी माणसंसुद्धा उगाच एक मजला जास्त चढायची. आत जाडजूड खांब, आणि प्रत्येक खांब वर जाऊन छत्रीसारखा उघडलेला. छप्पर करवतीच्या दातांसारखं, एकामागून एक तिरपं. मामा या इमारतीबद्दल सासुरवाडीबद्दल बोलावं तसा बोलायचा, म्हणजे कौतुक पुष्कळ आणि नावं ठेवायचा हक्क फक्त स्वतःकडे. कबुतरांनी कठडा घाण केला तर तो कबुतरांना नाही, त्यांच्या आईबापांना बोल लावायचा.

फक्त आत अंधार असायचा. भर दुपारी दिवे लावावे लागत. लांबच लांब तारांवरून पिवळे दिवे लोंबत आणि त्यांच्याखाली बायका ओळीने बसून सुया तपासत. सुईचं नेढं नीट कापलंय ना, कडेला चरा तर नाही ना, दोरा तुटणार तर नाही ना, हे एकेक सुई डोळ्याजवळ नेऊन बघायचं. मामी तिथेच होती, तपासणीच्या टेबलावर. शेजारी तिची मैत्रीण, जिला उंची आणि बारीकपणामुळे सगळे सुतळी म्हणत. त्या टेबलावरच्या बायकांना तिशीतच जाड चष्मे लागत. बाजारात चार जाड चष्मे एकत्र दिसले की दुकानदार ओळखायचे, सुयावाल्या आल्या. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. कारखाने अंधारेच असतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

कारखाना बंद पडला, मामा-मामी म्हातारी झाली, इमारतीत झुडपं उगवली. मग एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आलं की ही वास्तू ऐतिहासिक आहे. ज्या इमारतीकडे आयुष्यभर कुणी मान वर करून पाहिलं नाही तिच्याभोवती लोक फोटो काढत फिरू लागले. तिची दुरुस्ती करून वाचनालय करायचं ठरलं, आणि ते काम बघायला एक आर्किटेक्ट बाई आल्या. तरुण, चटपटीत, डोक्यावर पिवळं हेल्मेट. छपराची माहिती असलेला माणूस हयात आहे का, अशी त्यांनी चौकशी केली. माणूस हयात होता, आणि ही चौकशी ऐकल्यावर आणखी वीस वर्षं हयात राहायच्या तयारीला लागला.

काय ते दिवस होते मामाचे. सकाळी दाढी करून, बूट पुसून (आधी रंगवलेले, मग पुसलेले) तो कारखान्यावर हजर. बाई विचारायच्या, हा सांगायचा. सोबत म्हणून मीही कधी कधी जायचो. एकदा बाईंनी छपराच्या रंगाचा विषय काढला, आणि मामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने सांगितलं की युद्धात हुकूम निघाला होता. रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून छपराची, खिडक्यांची सगळी काच काळी करायची. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते काम केलं. एका फटीतूनही दिवा दिसला नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती.

"आणि युद्ध संपल्यावर?" बाईंनी विचारलं.

"वडिलांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, पुढचा हुकूम येईपर्यंत चालू ठेवा."

"मग पुढचा हुकूम कधी आला?"

"तो यायचाय," मामा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत, त्याच्याकडे बघतच राहिल्या. मामाला वाटलं, थक्क झाल्या. त्याने आणखी सांगितलं. वडिलांच्या हाताखाली तो काम शिकला. काळा रंग मिळेनासा झाल्यावर राखाडी आला. काचेवर रंग धरणं किती अवघड, आधी तेलकटपणा कसा काढायचा, मग पातळ हात, मग जाड हात. रंगाने ऊन अडतं, आत गारवा राहतो, असं तो सगळ्यांना सांगे. हे त्याला कुणी सांगितलं होतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मीच."

दोन दिवसांनी कामगारांनी परांची बांधली आणि एका माणसाने वर जाऊन काचेचा एक तुकडा खरवडायला घेतला. आम्ही खाली उभे होतो. रंगाचे पोपडे पडू लागले. वरचे राखाडी, मग त्याखालचे राखाडी, त्याखालचे आणखी राखाडी, वडिलांचा काळा सगळ्यात शेवटी. आणि मग उजेड आला.

उन्हाची तिरीप नव्हती ती. छपराच्या काचा मुद्दाम उन्हाकडे पाठ करून बसवलेल्या होत्या, त्यामुळे आत आला तो नुसता मऊ, पांढरा, थंड उजेड. तो खांबाच्या छत्रीवर पडला, तिथून भिंतीवर गेला, भिंतीवरून जमिनीवर उतरला. एका काचेएवढ्या जागेतून अर्धं दालन दिसू लागलं. बाई तर नाचायच्याच बाकी होत्या. त्या सांगू लागल्या की ही सगळी इमारत या उजेडासाठीच बांधलेली आहे. खांब वर रुंद आहेत ते उजेड पसरावा म्हणून, टोकदार कोपरा कुठेच नाही तो उजेड अडू नये म्हणून. बारीक काम करणाऱ्यांचे डोळे थकू नयेत, हा त्या काळच्या वास्तुरचनाकाराचा पहिला विचार होता. आणि तपासणीची टेबलं, त्या बोट दाखवून म्हणाल्या, तिथे असणार, बरोबर ना मामा?

बरोबर होतं. उजेड पडला होता तिथेच मामीचं टेबल असायचं.

 मामाने बूट झटकले, टोपी काढली, परत घातली आणि घरी निघाला. वाटेत मी दोन विनोद केले, दोन्ही वाया गेले.

घरी मामी शर्टाला बटण लावत बसली होती. तिची पद्धत अशी, की सुई बघायची नाही, जिभेने नेढं शोधायचं, मग बोटांनी दोरा ओवायचा. लहानपणी आम्हाला ती जादू वाटायची आणि आम्ही पुनःपुन्हा करून दाखवायला लावायचो. मामा दारात उभा राहून ते बघत होता. मग आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. चहा म्हणून नाही, जेवण म्हणून नाही.

पुढचे काही दिवस नातेवाइकांत मामाच्या मौनावर चर्चासत्रं झाली. माझ्या आईचं मत पोट साफ नसावं असं होतं. धाकट्या मावशीचं मत, आर्किटेक्ट बाईंवर जीव जडला असावा. आई म्हणाली, या वयात? मावशी म्हणाली, या वयातच. मामी मात्र खुशीत होती, कारण कारखान्यावरून निरोप आला होता. छपराचा एक दात तसाच रंगवलेला ठेवायचा, इतिहासाची खूण म्हणून, आणि खाली पाटी लावायची. पाटीवर आजोबांचं आणि मामाचं नाव. दोन पिढ्या निष्ठेने राखलेलं छप्पर, असं काहीसं. उद्घाटनाला मामाचा सत्कार, आणि तपासणीच्या टेबलावरच्या जेवढ्या बायका उरल्या होत्या त्या सगळ्यांना बोलावणं. मामीने ही बातमी वस्तीभर केली. पाणी भरायला जाताना केली आणि पाणी घेऊन येताना परत केली.

मामाचा गुडघा दुखू लागला. मग कंबर. मग त्याला एकदम ताप आला, जो थर्मामीटरला कळला नाही. शेवटी एका सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाईंकडे चल. मला एकट्याला जाववत नाही."

बाईंच्या तात्पुरत्या ऑफिसात तो खुर्चीच्या कडेवर बसला. पाटीवरचं नाव काढा म्हणाला. बाईंना वाटलं विनय आहे. त्या समजावू लागल्या, की मामा, यात तुमचा काय दोष, युद्धाचा हुकूम होता.

"युद्ध माझ्या लग्नाच्या आधीच संपलं होतं, बाई," मामा म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते मी प्रथमच ऐकत होतो. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. एका वर्षी गारा पडल्या आणि छपरावरच्या रंगाचा एक पट्टा निघाला. हातभर लांब, चार बोटं रुंद. तिथून येणारा उजेड तपासणीच्या टेबलाच्या जरा बाजूला उतरायचा. काही दिवसांनी मामाला कुणीतरी येऊन सांगितलं की तुझ्या छपराला भोक पडलंय. त्याला ते फार लागलं. तो बघायला आत गेला, तर बायकांनी टेबल ओढून त्या पट्ट्याखाली घेतलं होतं आणि त्या हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वर चढून त्याने पट्टा बुजवला. दोन हात मारले. खाली उतरला तेव्हा टेबल परत जागेवर गेलं होतं.

"त्या हसत होत्या ते मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या कामाला हसतायत."

 बाई म्हणाल्या, नाव काढणं सोपं आहे, पण सत्काराला तुमच्या मिसेस येणार, आत पाऊल टाकल्यावर त्यांना हा उजेड दिसणारच. तुम्ही त्यांना आधी सांगितलेलं बरं.

मामाने सांगितलं, पण घरी नाही. दुसऱ्या दिवशी तो मामीला कारखान्यात घेऊन गेला. तोवर एक सोडून सगळे दात साफ झाले होते. मामीला चष्म्यातूनही माणसांचे चेहरे धूसर दिसत, पण उजेड दिसत होता. दालनात शिरल्यावर ती थबकली. हात पुढे करून पाण्यात उतरावं तशी ती चालत गेली, आणि बरोबर आपल्या टेबलाच्या जागी जाऊन उभी राहिली. मग तिने स्वतःचा तळहात डोळ्यांजवळ नेऊन बघितला, उलटा केला, परत बघितला.

मामाने तिच्या पाठीशी उभं राहून सगळं सांगितलं. काच होती हे ठाऊक होतं. हुकूम युद्धाबरोबरच संपला हेही ठाऊक होतं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं आणि कुणी नको म्हटलं असतं, तर छपरावर जायचं काम गेलं असतं. एवढंच.

 मामी वळली. मला वाटलं, आता मामाची खैर नाही.

"तुम्ही बुजवणार हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं," ती म्हणाली. "आम्ही त्या पट्ट्यासाठी पाळ्या लावल्या होत्या. प्रत्येकीने एक दिवस उजेडात बसायचं. तुम्हाला सांगून तो तसाच ठेवायला लावायचं ठरलं, आणि मी म्हटलं, मी सांगते, माझाच नवरा आहे. घरी आले तर तुम्ही चेहरा पाडून बसलेले. म्हणालात, माझ्या कामात भोक निघालं. मला बोलवेना."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी टेबलावर सांगितलं की मी विचारलं होतं, पण वरून हुकूम आहे म्हणाले."

मामा तिच्याकडे बघत होता आणि ती जमिनीकडे. इतका वेळ एकट्याने वाहिलेली लाज निम्मी दुसऱ्याच्या डोक्यावर गेली म्हणजे हलकं वाटत असेल, असा माझा समज होता. तसं काही दिसलं नाही. दोघं दोन चोरांसारखी उभी होती, आणि चोरांना निदान अंधार मिळतो.

मामीनेच ठरवलं की सत्काराला जायचं. तोंड लपवून घरात बसले तर बायका घरी येतील, आणि घरी आल्या की चहा करून सांगावं लागेल. त्यापेक्षा तिथेच.

उद्घाटनाला गर्दी होती. पाटीवरचं मामाचं नाव बाईंनी काढलं होतं, पण सत्कार काढता आला नव्हता. तो वाचनालयाच्या अध्यक्षांनी ठरवलेला, आणि अध्यक्षांचं भाषण आधीच पाठ झालं होतं. त्यांनी मामाला निष्ठेचा पुतळा म्हटलं. मामा तेवढा वेळ पुतळ्यासारखाच उभा होता. पहिल्या रांगेत सुयावाल्या बसल्या होत्या, सगळ्यांचे चष्मे बाटलीच्या बुडाएवढे जाड, सगळ्यांच्या माना वर. सुतळीमावशीला तर एका डोळ्याने दिसायचं बंद झालं होतं. ती नातीचा हात धरून आली होती.

दोन शब्द बोला म्हटल्यावर मामा माइकपाशी गेला. इतक्या वर्षांत त्याने छपरावरून खाली ओरडण्यापलीकडे जाहीर बोलणं केलं नव्हतं. तो म्हणाला, हा अंधार युद्धाने केला नाही. युद्धाने थोडे दिवस केला, बाकी मी केला. गारांच्या वर्षी पट्टा पडला होता, तो मी बुजवला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच मांडीवर ठेवले. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. एक बाई दुसरीला विचारू लागली, कुणी सांगितलं नव्हतं म्हणजे काय, हुकूम होता ना? तेव्हा मामी जागेवरून उठली. माइकपर्यंत गेली नाही. त्यांच्याकडे तोंड करून, टेबलावर बोलायची तेवढ्याच आवाजात म्हणाली, "हुकूम नव्हता. मी विचारलंच नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलले."

मामावर कुणी रागावलं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं. बाप्या माणूस, रंगवत बसला, त्याला काय कळतंय, असा एक सूर होता. पण मामीकडे ज्या नजरा गेल्या त्या जाड काचांतूनही टोचत होत्या. ती त्यांच्यातली होती.

नंतर चहा होता. मामा-मामी एका खांबापाशी कप घेऊन उभी राहिली आणि त्यांच्याभोवती रिकामी जागा पडत गेली. मी मुद्दाम जाऊन काहीबाही बोलत राहिलो. मामी हूं हूं करत होती, पण कान मागे, बायकांकडे होते. शेवटी सुतळीमावशी नातीला सोडून, खुर्च्या चाचपत, एकटीच त्यांच्याकडे आली. मामाने घाईघाईने कप खाली ठेवला.

तिने मामाकडे लक्ष दिलं नाही. मामीच्या अगदी जवळ, चेहरा दिसेल इतक्या जवळ आली.

"दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती," ती म्हणाली.

मामीने मान हलवली. तिला आठवत होतं.

"नवा चष्मा आणला होता मी त्यासाठी. बारीक फ्रेमचा. उजेडात बसणार म्हणून."

 मामी माफ कर म्हणाली नाही, आणि सुतळीमावशीनेही त्याची वाट पाहिली नाही. तिने नातीला हाक मारली आणि सगळ्यांच्या आधी घरी गेली. अजूनही ती मामीकडे येते, आठवड्यातून एकदा, पूर्वीसारखीच. बसते, चहा घेते, गुडघ्यांचं बोलते. फक्त उठताना पूर्वी ती मामीचा हात धरायची, आता दाराची चौकट धरते. मामी दर वेळी हात पुढे करते आणि दर वेळी मागे घेते, आणि मामा तेवढ्यापुरता आत निघून जातो.